सहभाग ‘नोंदवता’ येत नाही

प्रश्न असा आहे : गरीब देशांतल्या आरोग्य-संशोधनाविषयी लिहिताना ‘लोकसहभाग’ म्हणावं की ‘समुदायाचा सहभाग’? आणि ‘महिलांनी मोठ्या संख्येने सहभाग नोंदवला’ हे बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘लोकसहभाग’ रुळलेला आहे, तो वापरा. विशिष्ट जमात किंवा वस्ती अभिप्रेत असेल तर सरळ तिचं नाव घ्या.

दुसऱ्याचं उत्तर : नाही, नाही आणि नाही. हजेरी नोंदवतात, तक्रार नोंदवतात. सहभाग कसा नोंदवणार? अहवालामागून अहवालात हे वाक्य येतं, आणि पुढे वाचावं तर त्या बायकांनी फक्त रक्ताचा नमुना दिलेला असतो. काय तपासायचं, निष्कर्ष कुणाला आधी सांगायचे, औषध निघालं तर ते त्यांना मिळणार का, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आता मुळाकडे चला, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘भाग’ हा ‘भज्’ धातूचा. भज् म्हणजे वाटणे, वाटून देणे. जे वाट्याला आलं ते भाग्य. ‘भगवान’मधला ‘भग’ही त्याच धातूचा. ‘भक्ती’चा जुना अर्थ वाटणी, श्रद्धा नंतरची. आणि ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेलं, म्हणून संस्कृतात त्याचा अर्थ अन्न असाही होतो. त्याचं प्राकृतात ‘भत्त’ झालं आणि मराठीत ‘भात’! देवापासून अन्नापर्यंत सगळी वाटणीचीच लेकरं. तेव्हा सहभागी म्हणजे हजर असलेला नव्हे. सहभागी म्हणजे वाटेकरी.

‘भाग घेणे’ असताना ‘सह’ कशाला, ही पार्टिसिपेशनची नक्कल आहे, असं शुद्धतेचे कैवारी बजावत असतात. साफ चूक. त्या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन : ‘पार्स’ म्हणजे भाग आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे. त्यात ‘सह’ आहेच कुठे? तो आपल्याकडचा आहे, आणि माझ्या मते शब्दाचा सगळा जीव त्यात आहे : वाटणीला दुसराही बसलेला आहे, हे तो सांगतो.

दक्षिण आफ्रिकेतले सान हे आदिवासी लोक शिकारीच्या वाटेवर भूक-तहान मारायला हूडिया ही वनस्पती चघळत आले. त्या देशाच्या सरकारी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात तिच्यातल्या द्रव्याचं पेटंट घेतलं, सानांना न विचारता. पुढे भांडून २००३ मध्ये करार झाला आणि स्वामित्वशुल्कातला (रॉयल्टीतला) ६ टक्के हिस्सा सानांचा ठरला. भज् धातू इथे खरा झाला, उशिरा का होईना. २०१७ मध्ये तर सानांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच जाहीर केली.

कंबोडियात २००४ साली टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीची लागण टळते का, हे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर तपासायचं ठरलं. त्यांनी विचारलं, दुष्परिणाम झाले तर पुढच्या उपचारांची हमी काय? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, निदर्शनं झाली आणि पंतप्रधानांनी चाचणी सुरू होण्याआधीच थांबवली. बायकांनी आडकाठी केली, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या वाटाच मागत होत्या. २००७ मध्ये यूएनएड्सने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाने, एचआयव्ही-प्रतिबंधाच्या चाचण्यांसाठी लोकसहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामागे हा अनुभव होता.

डॉक्टरांच्या जागतिक वैद्यकीय संघटनेशीही माझा वाद आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या आपल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्यासाठी वापरलेला ‘सब्जेक्ट’ २०२४ मध्ये तिने काढून सर्वत्र ‘पार्टिसिपंट’ घातला. हेतू चांगला आहे, पण म्हणून मराठी संमतीपत्रांत प्रत्येकाला ‘सहभागी’ म्हणायची घाई नको. नुसता नमुना घेतला असेल तर ‘नमुना देणारी व्यक्ती’ लिहा, मुलाखत घेतली असेल तर ‘मुलाखत दिलेल्या महिला’ लिहा. प्रश्न ठरवताना त्या सोबत बसल्या, निष्कर्ष आधी त्यांच्या हाती गेले, फायद्यात त्यांचा हिस्सा लेखी ठरला, तर ‘त्या सहभागी होत्या’ असं खुशाल लिहा. ‘नोंदवला’ मात्र तिथेही नको.