तंत्रप्रश्न : जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१३ साली घेतलेला आहे. त्यात तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० सुरू झाल्यावरही काही मिनिटे काहीच उघडत नाही. एका दुकानदाराने नवा लॅपटॉप घ्यायला सांगितले, तर दुसऱ्याने एनव्हीएमई एसएसडी (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, एनव्हीएमई हा तिचा अधिक वेगवान प्रकार) बसवण्याचा सल्ला दिला. या लॅपटॉपवर मराठी डीटीपीची (छपाईसाठी पाने जुळवण्याची) एक जुनी प्रणाली आहे आणि तिची सीडी आता माझ्याकडे नाही. मी काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पत्रे, हिशेब आणि डीटीपी एवढ्याच कामासाठी हा लॅपटॉप टाकून देण्याचे कारण दिसत नाही, कारण त्याचा प्रोसेसर आजही या कामांना पुरेसा आहे. अडते ते हार्ड डिस्कपाशी. लॅपटॉपमधील अशी डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. वाचणारे टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या लहान फायली वाचताना ती सेकंदाला साठ-सत्तर वेळाच माहिती देऊ शकते. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो लहान फायली वाचल्या जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून कमी वेळात होते.

एनव्हीएमईचा सल्ला मात्र मानू नका. त्या काळातील लॅपटॉपमध्ये त्यासाठी लागणारी एम-टू खाच साधारणपणे नसते, आणि जोडणी कशीबशी जमवली तरी त्यांचे बायोस (लॅपटॉप चालू होताच सर्वांत आधी चालणारी मूळ प्रणाली) अशा ड्राइव्हवरून विंडोज सुरू करत नाही. आपल्याला अडीच इंची साटा, म्हणजे सध्याच्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची, एसएसडी हवी. साटाची वेगमर्यादा सेकंदाला सुमारे ५५० एमबी असली, तरी आपल्या कामात एनव्हीएमईशी असलेला फरक जाणवणारही नाही. जुनी डिस्क ९.५ मिमी जाड आणि नवी ७ मिमी असू शकते. ही फट पातळ प्लॅस्टिकच्या चौकटीने भरता येते, आणि स्क्रू घट्ट बसत असतील तर तिचीही गरज नाही.

आकार निवडताना मात्र सावध राहावे. बाजारात ४८० आणि ५०० जीबी अशा दोन्ही एसएसडी मिळतात आणि स्वस्त म्हणून पहिली उचलली जाते. आपली सीडी हरवली असल्याने विंडोज नव्याने टाकण्यापेक्षा जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करणेच आपल्याला सोयीचे आहे, आणि क्लोनझिलासारखी मोफत प्रणाली नेहमीच्या पद्धतीने वापरताना नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी लागते. म्हणून ५०० जीबीहून कमी क्षमतेची घेऊ नये. डीटीपी प्रणालीच्या विक्रेत्यालाही आधी विचारून घ्यावे, कारण काही जुन्या प्रणालींचा परवाना हार्ड डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो आणि क्लोन केल्यावरही ती पुन्हा परवाना मागू शकते. विंडोज १० चा डिजिटल परवाना मात्र मदरबोर्डशी, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डशी, निगडित असतो. डिस्क बदलल्याने तो जात नाही.

क्लोन करण्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती तपासणे, हे या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त वेळा टाळले जाणारे पाऊल आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो ही मोफत प्रणाली उघडून ०५ आणि सी५ या दोन ओळी पाहाव्यात. पहिलीत खराब ठरवून बदललेल्या जागांची संख्या असते आणि दुसरीत वाचता न येणाऱ्या, निर्णय प्रलंबित असलेल्या जागांची. सी५ शून्य नसेल तर थेट क्लोन करू नका. आधी आपली कागदपत्रे आणि डीटीपीच्या फायली वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या, कारण मरणासन्न डिस्क संपूर्ण वाचण्याच्या श्रमातच बंद पडू शकते.

प्रकृती ठीक असेल तर नवी एसएसडी साटा-ते-यूएसबी केबलने जोडून प्रत घ्यावी. लॅपटॉपला निळ्या रंगाचे यूएसबी ३ पोर्ट असेल तर तेच वापरावे, नाहीतर हे काम रात्रभर चालते. नंतर चार्जर आणि बॅटरी काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून ठेवून मगच खालचे झाकण उघडावे. जुनी डिस्क वर न उचलता कनेक्टरपासून आडवी सरकवावी आणि तिच्या बाजूची धातूची पट्टी नव्या डिस्कला लावावी. सुरू झाल्यावर विंडोजच्या ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज या खिडकीत नवी डिस्क 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' म्हणून दिसते का, हे पाहावे. तशी दिसत असेल तर विंडोज तिची निगा स्वतः राखते. फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणारी बाहेरची डीफ्रॅग प्रणाली तिच्यावर चालवू नये.

रॅम ८ जीबी केल्यास उत्तमच, पण ती नंतरही करता येईल. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार या लॅपटॉपवर न करणे बरे.

प्रश्न : लॅपटॉपमधील डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे जुनी हार्ड डिस्क बसवता येते का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : येते. त्यासाठी कॅडी नावाचा सांगाडा मिळतो, पण तो ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत असतो, तेव्हा ड्राइव्ह मोजूनच मागवावा. ड्राइव्हच्या तोंडाशी असलेली प्लॅस्टिकची पट्टी अलगद काढून कॅडीला लावता येते. एसएसडी मूळ डिस्कच्या जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, असाच क्रम ठेवावा, कारण काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागेचा साटा मार्ग कमी वेगाचा असतो.