पाच आठवड्यांच्या कोर्सची तयारी आजपासून

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो, माझं माहेर कोल्हापूर. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. जुलैत कॉलेजतर्फे फ्लोरेन्सला पाच आठवड्यांचा कलेच्या इतिहासाचा कोर्स आहे. तिच्या बाबांचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, आम्ही दोघी त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या एच-४ वर; धाकटा इथेच जन्मलेला. तिच्या मैत्रिणींनी तिकिटं काढलीसुद्धा. आम्हीही काढू का? तिचे बाबा म्हणतात, पाच आठवडे म्हणजे सहलच. मला मात्र काळजी वाटते. ती शाकाहारी आहे आणि इतक्या लांब कधी एकटी राहिलेली नाही.

उत्तर : ताई, तिकीट आज काढू नका. आधी लेकीचा पासपोर्ट कपाटातून बाहेर काढा.

तिच्या मैत्रिणींकडे बहुधा अमेरिकन पासपोर्ट असतील. त्यांना इटलीत ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तुमच्या लेकीला शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागेल. ती लहानपणापासून अमेरिकेत वाढली म्हणून तो टळत नाही. हातात ग्रीन कार्ड असतं तरी टळला नसता. कॉलेजकडून सगळ्या मुलांना एकच यादी येते आणि ती बहुतेक वेळा अमेरिकन पासपोर्टवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. तुमच्याच घरात दोन देशांचे पासपोर्ट आहेत, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

माझ्या मुलीच्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. स्वस्त मिळालं म्हणून पैसे परत न मिळणारं तिकीट घेतलं आणि मग व्हिसाची अपॉइंटमेंट शोधायला बसले. मिळाली ती निघण्याच्या तीन आठवडे आधीची. पासपोर्ट घरी आला तेव्हा विमानाला दोन दिवस उरले होते. त्या तीन आठवड्यांत पोरीने ना कोर्सचं काही वाचलं, ना बॅग भरली. हे तुमच्या घरात होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे तुम्हाला आजही करता येईल. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं फार कठीण जातं. अर्ज कोणत्या इटालियन वकिलातीत द्यायचा हे राहत्या पत्त्यावरून ठरतं. तुमच्या लेकीचे पत्ते दोन आहेत, घरचा आणि कॉलेजचा. कोणता धरायचा हे वकिलातीला आधी ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून कागदांत ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत निघालेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अठराच्या आत काढलेला भारतीय पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो, हे पुष्कळ घरांत ऐन वेळी लक्षात येतं. नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी. व्हिसाची फी ९० युरो आहे. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो. कोर्सच्या तारखांचं पत्र, राहण्याच्या जागेचं पत्र आणि खर्च तुम्ही करणार याचा पुरावाही लागेल. विमानाचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा. फॉर्म मात्र तिलाच भरू द्या. खिडकीपाशी प्रश्न तिला विचारले जातील आणि तिथे तुम्ही शेजारी नसाल.

आता परतीचं. याकडे लोकांचं सर्वांत कमी लक्ष जातं. लेकीच्या पासपोर्टमधल्या एच-४ व्हिसाची तारीख पाहा. आय-७९७ वर, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीपत्रावर, मुदत वाढून आली असेल, पण पासपोर्टमधला व्हिसा संपला असेल, तर तिला युरोपातून त्यावर परत येता येणार नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन येणाऱ्यांना जी सवलत मिळते, ती इटलीला लागू नाही. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने असे व्हिसा आपल्या देशात किंवा राहत्या देशातच घ्यायला सांगितलं आहे. म्हणजे फ्लोरेन्सहून तिला भारत गाठावा लागेल, तिथे अपॉइंटमेंटची वाट पाहावी लागेल आणि इकडे कॉलेज सुरू झालेलं असेल. व्हिसा संपलेला असेल तर मी माझ्या लेकीला या वर्षी थांबवेन, रडली तरी. तुमच्या ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय तिचा कुठलाही प्रवास ठरवू नका.

इटलीत उतरल्यावरचंही एक काम आहे. ती फ्रँकफर्ट किंवा झुरिकमार्गे, म्हणजे दुसऱ्या शेंगेन देशातून गेली, तर इटलीत पोचल्यापासून आठ दिवसांत पोलिसांकडे आल्याची नोंद करावी लागते. हॉटेलात उतरणाऱ्यांची नोंद हॉटेलकडूनच होते. मुलांना फ्लॅट दिला असेल तर हे कोण करणार, ते कोर्सच्या ऑफिसला निघण्याआधीच विचारून घ्या.

वर्षभरासाठी गेलेलं मूल पहिला महिना चाचपडत काढू शकतं. तुमच्या लेकीकडे पाचच आठवडे आहेत. तिथे गेल्यावर बघू असं म्हटलं, तर बघण्यातच कोर्सचा पाचवा भाग संपेल. म्हणून मला ही सहल वाटत नाही. कोर्सची क्रेडिट्स तिच्या पदवीत धरली जातील असं विभागाकडून लेखी घेतलंय का, हेही विचारा तिला.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते त्याहून कमी करा. फ्लोरेन्स ज्या टस्कनी प्रांतात आहे, तिथे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. शिळा पाव आणि टोमॅटोची पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीची लांबची बहीणच. पाव, घेवडा आणि पालेभाज्यांची रिबोल्लिता मिळते. तिच्यात कधी कधी डुकराचं मांस घालतात, म्हणून विचारून घ्यावं. गाड्यांवर लाम्प्रेदोत्तो नावाचं सँडविच दिसेल, ते गाईच्या जठराचं असतं. तिला ते नाव पाठ करायला लावा. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ती कितपत काटेकोर आहे हे तिचं तिने ठरवावं, पण माहीत असून ठरवावं. आणि एक आनंदाची गोष्ट : हरभऱ्याच्या डाळीचं नाही, पण काबुली चण्याचं पीठ तिथल्या सुपरमार्केटात सहज मिळतं. फारीना दी चेची असं विचारायचं. त्याचं पिठलं छान होतं. जाण्याआधी तिला तुमच्या ओट्यावर चार वेळा पिठलं-भात करायला लावा.

बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, शेंगदाण्याची चटणी द्या. तूप, पेढे, खव्याचं काही देऊ नका. बाहेरून येताना दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून कुटून घाला मसाल्यात. अमेरिकेत घेतलेला छोटा राईस कुकर पाठवू नका. तो १२० व्होल्टचा, तिथे २३० व्होल्ट. पहिल्याच दिवशी जळेल. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, नुसती पिन बदलावी लागते. जुलैत तिथे पारा ३५ अंशांवर जातो आणि प्रत्येक खोलीत एसी असेलच असं नाही. सुती कपडे भरा. चर्चमध्ये खांदे झाकावे लागतात, म्हणून एक ओढणी. फरसबंदीवर दिवसभर चालवतील असे रुळलेले, पायांना सवयीचे बूट.

ती आता सज्ञान आहे. तिकडे आजारी पडली तर डॉक्टर तुम्हाला काही सांगायला बांधील नाहीत. तुम्हाला माहिती द्यावी आणि गरज पडली तर तुम्ही निर्णय घ्यावा, असं हेल्थकेअर प्रॉक्सीचं पत्र तिने सही करून ठेवावं. तुमचं ऐकून नव्हे, त्याचा अर्थ समजून. इटलीत आणीबाणीचा नंबर ११२ आहे. अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या तोंडात ९११ बसलेलं असतं. फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीटमार असतात, तेव्हा पासपोर्ट खोलीत कुलपात, त्याची प्रत जवळ. दोन कार्डं दोन जागी. भारताचा दूतावास रोमला आहे, फ्लोरेन्सहून वेगवान गाडीने दीडेक तासावर.

फोनचं आधी ठरवा. दिवसातून चार वेळा केलात तर ती मनाने न्यू जर्सीतच राहील. फ्लोरेन्स तुमच्या सहा तास पुढे आहे; तिचं रात्रीचं जेवण झालं की तुमची दुपार. आठवड्यातून तीन वेळा बोला आणि अधूनमधून तिला फोटो पाठवू द्या.

माहेर कोल्हापूर म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस, तुमच्या लेकीच्या आसपासचं. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना हिंदू पद्धतीने अग्नी दिला गेला. १८७४ पासून तिथे त्यांची छत्री आणि अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाला आजही ‘पोन्ते अल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. जागा कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे, बरंच चालावं लागतं. एखाद्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पाण्याची बाटली घेऊन तिने जावं आणि तिथून आजीला व्हिडिओ कॉल करावा. फ्लोरेन्सला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात साडेबारा झालेले असतात. आजीचं जेवण व्हायचं असेल.