युद्धात सैनिक कमी पडले तर हवाई दलातल्या माणसांना पायदळात पाठवतात का? पाठवावं का?

पाठवतात. पाठवू नये. आता सविस्तर लिहितो, कारण आमचे दाजी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत आणि प्रत्येक लग्नकार्यात चार माणसांत मला ऐकवतात, "तुम्हा हँगरवाल्यांना एकदा मोर्च्यावर बसवलं पाहिजे."

मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. सीमेवर तणाव होता, तळावर पहाऱ्याला माणसं कमी पडली, म्हणून आमच्यातल्या काही पोरांना रात्री कुंपणावर उभं केलं. त्याची तक्रार नव्हती. रायफल आम्हालाही चालवता येते. पण एका पहाटे दुरुस्तीची हत्यारं मोजली तर टूलबोर्डवर एका स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी. ते विमानातच राहिलं असेल तर घात होईल, म्हणून सापडेपर्यंत विमान हलत नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. बारीक अंगाचा एक पोरगा टॉर्च घेऊन इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या पोकळीत, सरपटत गेला. पॅनेलं उघडली, सांदीकोपऱ्यांत आरसा फिरवला. शेवटी स्क्रूड्रायव्हर निघाला तो पहाऱ्याच्या कोटाच्या खिशात. पोरगा कामावरून थेट कुंपणावर गेला होता आणि कुंपणावरून थेट कामावर आला होता. तोवर सकाळचं उड्डाण गेलं. आणि हा नुसता पहारा होता, दाजी, लढाई नव्हे.

लढाईत काय होतं तेही बघा. १९४२ साली रशियाच्या आघाडीवर जर्मनांची माणसं कमी पडली. हवाई दलाचा प्रमुख गोरिंग, त्याने आपली माणसं लष्कराला द्यायची सोडून हवाई दलाच्याच वीसेक फील्ड डिव्हिजन, म्हणजे जमिनीवर लढणाऱ्या मोठ्या तुकड्या, उभ्या केल्या. जमिनीवरची लढाई लढवणारे अनुभवी अधिकारीच नव्हते. कित्येक डिव्हिजनची दाणादाण उडाली आणि १९४३ च्या अखेरीस त्या लष्कराकडे सोपवाव्या लागल्या. यावर दाजींचं म्हणणं, "मग आमच्याकडून शिकायचं होतं!" शिकलो असतो. पण तुमच्या जवानाला इंजिन शिकवायला किती वर्षं लागतील, त्याचा हिशोब कोणी करायचा?

युक्रेनमध्ये जानेवारी २०२५ मध्ये विमानांच्या तंत्रज्ञांनी अशाच बदल्यांविरुद्ध जाहीर तक्रार केली. तेव्हा सरसेनापती सिर्स्की यांना सांगावं लागलं की खास प्रशिक्षण घेतलेल्यांना हलवणार नाही.

अर्थात विमानं जवळजवळ उरलीच नाहीत तर गोष्ट वेगळी. १९४२ मध्येच फिलिपिन्सच्या बाटानमध्ये अमेरिकन हवाई दलाच्या माणसांनी रायफली उचलल्या, कारण दुरुस्त करायला जेमतेम काही विमानं राहिली होती. आणि कारकून, भांडारवाले, ड्रायव्हर यांना पायदळाचं पूर्ण प्रशिक्षण देऊन पाठवणार असाल तर माझी हरकत नाही. दाजी, एवढंच वाचून "बघ, मान्य केलंस" म्हणू नका.