टॉर्चच्या मागच्या बटणाची दुरुस्ती: नवे बटण आणण्यापूर्वी

तुम्ही लिहिले आहे की रात्रपाळीची वीज आली की हरभऱ्याला ओलित करताना आणि रानडुकरांसाठी जागल करताना वापरायचा ॲल्युमिनियमचा टॉर्च मागे थापट मारल्याशिवाय लागत नाही, लागला तरी लुकलुकतो आणि पूर्वीसारखा उजेडही देत नाही. दुकानदाराने 'बटण गेले, नवीन टॉर्च घ्या' असे सांगितले आहे. बटण बदलायचेच झाले तर अर्धे दाबताच क्षणभर उजेड पाडणारे बटण बसवता येईल का, हेही तुम्ही विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात असे टॉर्च माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे बटण धडधाकट निघते. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, घोळ नको म्हणून येथे मी टॉर्च आणि सेल असे दोन वेगळे शब्द वापरतो.)

अशा टॉर्चमध्ये सेलच्या ऋण टोकापासून निघालेला प्रवाह स्प्रिंग, बटण, बटणाला धरून ठेवणारी आट्यांची रिंग आणि मागची टोपी यांतून नळीत येतो व नळीतूनच पुढच्या सर्किटपर्यंत जातो. या वाटेवरचा कोणताही सांधा मळला किंवा सैल झाला, तर तक्रार बटणाचीच वाटते. म्हणून आधी टोपी पूर्ण काढा, आणि तांब्याच्या जाड तारेचा लहान तुकडा एका टोकाने सेलच्या ऋण टोकावर आणि दुसऱ्या टोकाने नळीच्या उघड्या, रंग नसलेल्या कडेवर दाबून धरा. उजेड स्थिर आणि पूर्ण पडला, तर दोष टोपीत आहे. तसाच लुकलुकला, तर बटणाला हात लावू नका, पुढचा भाग तपासा. ही तार सेलच्या धन टोकापर्यंत कधीही जाऊ देऊ नका, कारण लिथियम सेलचा शॉर्ट बोटे भाजण्यावर थांबेलच असे नाही. सेलवरचे प्लास्टिकचे वेष्टनही याच वेळी पाहून घ्या. ते फाटून सेलचा डबा नळीला टेकला, तर बटण बंद करूनही टॉर्च विझत नाही, आणि तेव्हाही लोक बटणालाच नावे ठेवतात.

दोष टोपीत निघाला, तर प्रथम आतली रिंग पाहा. तिला समोरासमोर दोन छिद्रे असतात. त्यांत टोकदार नोज प्लायरची टोके घालून ती घड्याळाच्या दिशेने घट्ट करा. टॉर्च हातातून पडून पडून ही रिंग सैल होते, आणि पुष्कळदा दुरुस्ती येथेच संपते. न संपल्यास रिंग उलटी फिरवून काढा, आटे व नळीची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा, आणि कडेवरची काळपट पुटे बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा. वावरातली काळी माती, घाम आणि खताचा हात यांनी ही पुटे लवकर चढतात. रबरी ओ-रिंगला (पाणी आत जाऊ नये म्हणून आट्यांजवळ बसवलेल्या गोल रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसच लावा. पेट्रोलियम जेलीने काही प्रकारचे रबर फुगते.

इतके करूनही उजेड कमी वाटला, तर स्प्रिंगकडे वळा. पोलादी स्प्रिंग आणि मळलेले सांधे मिळून ०.१ ओहमचा रोध झाला आणि प्रवाह ३ अँपिअर असला, तर ०.३ व्होल्ट तेथेच खर्च होतात, म्हणजे जवळजवळ एक वॅट उष्णता टोपीत मुरते. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि अर्धा उतरलेला सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की ०.३ व्होल्टचे महत्त्व कळते. उपाय असा की ०.५ चौरस मिलिमीटरची लवचीक, अनेक धाग्यांची तांब्याची तार स्प्रिंगच्या टोकापासून तळाच्या पट्टीपर्यंत सोल्डर करायची. तीन सेंटीमीटर तारेचा रोध जेमतेम एक मिलिओहम भरतो. स्प्रिंग पूर्ण दबली तरी तार टोपीच्या भिंतीला घासणार नाही इतकीच तिची लांबी ठेवा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी सोल्डरिंग लोखंड फार वेळ टेकवले. बटणाचे प्लास्टिक वितळून आतला दांडा अडकला आणि मग मात्र खरोखरच नवे बटण आणावे लागले. फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावून दोन-तीन सेकंदांत हात उचला, आणि सेलवर थेट सोल्डर कधीही करू नका.

बटण खरेच गेले असेल, तर नवे घेताना जुने सोबत न्या आणि व्यास, उंची व पायांची जागा जुळवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की एकच उजेड असलेल्या टॉर्चमध्ये पुढे-क्लिक बटण, म्हणजे अर्धे दाबताच उजेड पाडणारे बटण, जरूर बसवा. रोही (नीलगाय) धुऱ्यावर आला की नाही हे पाहायला क्षणभर दाबणे सोयीचे पडते. परंतु कमी-जास्त उजेडाचे टॉर्च बहुधा उलट-क्लिक बटणावर बेतलेले असतात, ज्यात लागलेला टॉर्च अर्धा दाबला की प्रवाह क्षणभर तुटतो आणि उजेड बदलतो. त्यात पुढे-क्लिक बटण घातल्यास उजेड बदलण्यासाठी दर वेळी टॉर्च बंद करून पुन्हा लावावा लागेल. मी तरी तो खटाटोप करणार नाही. वरची रबरी टोपी बदलताना जाडही घेऊ नका, नाहीतर बटण सतत अर्धे दबलेले राहून तीच लुकलुक परत येते.

सगळे जोडून झाल्यावर पूर्ण उजेडावर दहा मिनिटे टॉर्च चालू ठेवा आणि हाताने टोपी चाचपा. नळीपेक्षा टोपी जास्त गरम लागली, तर एखादा सांधा अजून कच्चा आहे. पुन्हा रिंगपासून सुरुवात करा.