४८ आणि २७ची बेरीज

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन तक्रारी आहेत. घरी शिकताना दिवस कुठे जातो ते कळत नाही, ही एक. माणसं फार भेटत नाहीत आणि भेटतात ती सगळी सारखीच वाटतात, ही दुसरी. मला या दोन्हींचं मूळ एकच दिसतं. दिवसाची घडी बसलेली नसली की डोकं सतत राहिलेल्या अभ्यासात अडकतं, आणि समोरच्याकडे धड बघणं होत नाही. म्हणून आधी दिवसाचं बघू.

झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की कर. तुझ्या वयात शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. तो आळस नव्हे. पण झोप ८ ते १० तास हवीच. शाळेची घंटा तुझ्या मागे नाही, याचा खरा फायदा इथे घे. हवं तर थोडं उशिरा ऊठ, पण ठरलेली वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नकोस. ती हलली की अभ्यासाची पहिली बैठक हलते आणि मग दुपारपर्यंत काहीच हाताला लागत नाही.

पहिल्या दोन बैठका सगळ्यात अवघड विषयाला दे. एक बैठक ४५ मिनिटांची, मध्ये १० मिनिटं उठून फिरायचं, फोन दुसऱ्या खोलीत. शेवटची ५ मिनिटं पुस्तक मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही, मग पुस्तक उघडून सुटलेलं दुसऱ्या रंगाने भर. हे कुणालाच आवडत नाही, कारण किती थोडं डोक्यात राहिलंय ते लगेच उघडं पडतं. तरी कर. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून १८८५ साली दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असतो. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग पंधरवड्याने.

अभ्यास संपवून उठताना वहीत एक ओळ लिही: उद्या कुठून सुरू. ‘गणित करणे’ असं लिहिलंस तर सकाळची १५ मिनिटं शोधाशोधीत जातील. ‘वर्गसमीकरणं, सातवं उदाहरण, कंस सोडवताना चिन्ह चुकतंय’ असं लिहिलंस तर बसल्या बसल्या काम सुरू होईल. मन लावून केलेले तीन-चार तास सहसा पुरतात. शाळेचं अख्खं वेळापत्रक घरात उभं करायच्या फंदात पडू नकोस. तिथला बराच वेळ हजेरी आणि वर्ग सांभाळण्यात जातो.

आठवड्यातल्या दोन दुपारी बाहेर पड. जिथे वेगवेगळ्या वयाची माणसं हाताने काही करत असतात अशी जागा निवड: वाचनालयाची पुस्तकं लावणं, सायकलदुरुस्ती, गाण्याचा सराव. नुसतं भेटायला गेलं की गप्पा अडखळतात. हात कामात असले की त्या आपोआप रंगतात.

आता ‘सगळी सारखीच’ याबद्दल. तू लिहिलंयस, ‘अमका हुशार, तमकी अबोल.’ अशी विशेषणं असून असून किती असणार? एकेका विशेषणाखाली शंभर माणसं बसतात, मग ती सारखी दिसली तर नवल काय! महिनाभर वहीत विशेषण लिहायचंच नाही. क्रियापद लिही: कोण काय करतं आणि कसं करतं.

एक प्रयोग सांगते. तिघांना, शक्यतो तीन वयांच्या, ४८ आणि २७ची बेरीज तोंडी करायला सांग आणि डोक्यात काय झालं ते विचार. कुणी ८ आणि ७ मिळवून हातचा धरेल. कुणी आधी ४० आणि २० घेईल. कुणी २७मधले २ उचलून ४८चे ५० करेल आणि त्यात २५ मिळवेल. उत्तर तिघांचंही ७५. पण पहिल्याला नेमून दिलेल्या पायऱ्या हव्याशा वाटतात, तिसऱ्याला आकडे सोयीचे करून घ्यावेसे वाटतात. परीक्षकाच्या आवाजात विचारलंस तर सगळेच शाळेत शिकवलेली पद्धत सांगतील, आणि प्रयोग फसेल. आधी तुझी पद्धत सांग, मग त्यांची विचार.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं: शाळेतली मुलं एका साच्यातली. १९५०मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकाने त्यातली १० मापं निवडून पाहिलं, तर दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. हे सगळे एकाच गणवेशातले, निवडून घेतलेले. गणवेशावरून तू शाळेतल्या मुलांबद्दल ठरवतेस, आणि ‘घरी शिकते’ एवढ्यावरून कुणी तुझ्याबद्दल ठरवलं की चिडतेस!

वहीत नावं लिहू नकोस आणि वही कुणाला वाचायला देऊ नकोस. माणसं काही नमुने म्हणून जमवायची नसतात. जे दिसलं ते त्या व्यक्तीलाच सांग, नेमकं सांग. ‘छान शिकवतोस’ हे ऐकून कुणीही विसरतं. ‘धाकट्याला समजावताना पेन्सिल त्याच्याच हातात ठेवतोस’ हे ऐकल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, कारण त्याचं त्यालाही ते ठाऊक नसतं.

शाळेत का जात नाहीस, हे लोक विचारणारच. दोन वाक्यांत उत्तर दे आणि त्यांना काय शिकायला आवडतं ते विचार. वाद घालत बसू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. बेरजेला कुणी कंटाळलं तर रस्ता विचार. कुणी वळणं मोजतं, कुणी खुणा सांगतं, कुणी कागद मागतं. फक्त घाईतल्या माणसाला गाठू नकोस.