आईच्या ठिसूळ हाडांसाठी फिश ऑइलच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की आई 62 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, डॉक्टर ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणाले आणि शेजारच्या काकूंनी फिश ऑइल सुचवलं. माझं चिपळूणला मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट आहे आणि या गोळ्या रोज विकते. तरी सांगते, फक्त हाडं मजबूत व्हावीत म्हणून घेणार असाल तर नका घेऊ.

आधी दोन दुखणी वेगळी करा. गुडघे दुखतात ती सांध्याची तक्रार. ठिसूळ हाड सहसा दुखत नाही, मोडेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. काउंटरवर बायका येऊन म्हणतात, ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय, तेलाच्या गोळ्या द्या.’ बिजागरीला तेल दिलं की कुरकूर थांबते, तसं काहीतरी मनात असतं. पण गिळलेलं तेल पचतं, ते गुडघ्यात जाऊन बसत नाही. आमवाताच्या काही रुग्णांना माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 या स्निग्ध घटकाने दुखणं थोडं कमी होतं, पण त्याचा डोस बराच मोठा असतो. वयाने झिजलेल्या गुडघ्याला तो हिशोब लागू नाही.

आता हाडं. प्रयोगशाळेत ओमेगा-3 मुळे हाड झिजवणाऱ्या पेशी मंदावताना दिसल्या, त्यावरून आशा वाटली. ती माणसांवर तपासलीही गेली. युरोपातल्या पाच देशांत सत्तरी ओलांडलेल्या 2,157 लोकांवर तीन वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2020 साली आले. रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 घेणाऱ्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही.

मग माशाच्या तेलाचं हाडांशी नाव जोडलं गेलं कुठून? ते कॉड लिव्हर ऑइलमुळे. 1919 च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून ओटच्या खाण्यावर ठेवलं, त्यांना मुडदूस झाला आणि कॉडच्या यकृताच्या तेलाने तो बरा झाला. गुण कशाचा, हे 1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी दाखवलं. तेच ड जीवनसत्त्व. पण आज दुकानात ‘फिश ऑइल’ म्हणून मिळतं ते बहुतेक माशाच्या अंगातलं तेल, यकृताचं नव्हे. पाकिटामागे वाचा. 1000 मिलीग्रॅमच्या गोळीत साधारण ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलीग्रॅम असतं, ही दोन्ही ओमेगा-3 च. ड जीवनसत्त्व वेगळं घातलं असेल तरच. आणि कॉड लिव्हर ऑइल हवं तेवढं घेऊ म्हणाल तर त्यात अ जीवनसत्त्वही भरपूर असतं. वर्षानुवर्षं ते जास्त पोटात गेलेल्या स्त्रियांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे.

माझ्या सासूबाईंना मीच दोन वर्षं फिश ऑइल देत होते. न्हाणीत पाय घसरला, हातावर पडल्या आणि मनगट मोडलं. तेव्हा पहिल्यांदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. त्यात घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.9 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार म्हणतात. दोन वर्षं त्या गोळ्यांच्या भरवशावर आम्ही ही तपासणी केलीच नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून विचारते, तुमच्या आईंची डेक्सा झाली आहे का? नसेल तर गोळ्यांचे पैसे आधी तिकडे घाला. सोबत रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघून घ्या. ड कमी असेल तर डॉक्टर आठवड्याला 60,000 आययूची पुडी किंवा गोळी देतात. ती सांगितलेले आठवडेच घ्यायची. वर्षभर आपल्या मनाने चालू ठेवलेली माणसं मी पाहिली आहेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 असतं, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वर दूध-दही असं जमवायचं. मासे खात असाल तर गोळीपेक्षा पेडवे, म्हणजे छोटे सार्डिन मासे आणा. ओमेगा-3 आहे, थोडं ड जीवनसत्त्वही आहे, आणि काटे मऊ शिजवून खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं. सुकटीतही कॅल्शियम चांगलं, फक्त मीठ धुऊन काढा. रोज चालणं, आणि आधाराला हात ठेवून खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. न्हाणीत खडबडीत चटई आणि भिंतीला धरायला दांडी आजच लावा, कारण हाड बहुतेक वेळा पडल्यावरच मोडतं.

स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर आहाराने भागत नाही, औषध लागतं. सासूबाईंना अलेंड्रोनेट ही हाडांची झीज कमी करणारी गोळी दिली आहे, आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. चहासुद्धा त्यानंतरच. सासूबाई रविवारी गोळी घेऊन देवाची फुलं काढायला जातात, तेवढ्यात तो अर्धा तास होतो.

फिश ऑइल आधीच आणून ठेवलं असेल आणि आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट फोडू नका.