घोरपडीएवढी खार?

'अनुवादित गोष्टीत "घोरपडीएवढी खार फांदीवर बसली होती" असं वाक्य आहे. ते बरोबर, की "घोरपडीसारखी" हवं?' असा प्रश्न आलाय.

'सारखी' नकोच. 'एवढी' माप सांगतं, 'सारखी' ढंग सांगतं. आणि ढंगात या दोघींचं काहीच जुळत नाही. एक अंगावर खवले असलेली, दुभंगलेली जीभ लपलपत काढणारी, अंडी घालणारी. दुसरी झुबकेदार शेपटीची, पिलांना दूध पाजणारी.

'एवढी' व्याकरणात बसतं. खार म्हणजे शेकरू असेल तर मापही फार हुकलेलं नाही, कारण शेकरू शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास भरतं. पण त्यात निम्मं तरी शेपूटच. पूर्ण वाढलेली घोरपड त्याहून लांब होते, वजनाला तर कितीतरी जड.

तरी मला वाक्य खटकतं ते वेगळ्याच कारणाने. मराठी कानाला घोरपड म्हटलं की आकार आठवत नाही, चिकटून बसणं आठवतं. 'घोरपडीसारखा चिकटलाय' हे आपण न सुटणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो. त्याला आधारही आहे: कपारीत शिरलेली घोरपड नख्या रोवते आणि अंग फुगवून अशी अडकून बसते की ओढून निघत नाही. सिंहगडावर दोर लावून चढवलेल्या यशवंतीची दंतकथा याच पकडीवर उभी आहे. उलट खार म्हटलं की इवलेपणा येतो, 'खारीचा वाटा' त्यातलाच. चिकटपणाची उपमा इवल्या जिवाला, तीही मापासाठी! वाचक ठेचकाळणारच.

(खारीवरून आठवलं. 'खार खाणे' यातला खार पुल्लिंगी, लोणच्यातला खारही पुल्लिंगी. झाडावरची ती खार, दोन असल्या तर खारी. म्हणून 'खारीचा वाटा'. 'खाराचा' म्हटलं की लोणच्याची बरणी उघडते.)

मग लिहायचं काय? मुळात मोठ्या आकाराचीच खार असेल तर मराठीला शेकरू हा शब्द आयता आहे, आणि मापाला मांजर पुरेल: 'लहानशा मांजराएवढं शेकरू फांदीवर बसलं होतं.' फक्त शेकरू नपुंसकलिंगी, अनेकवचन शेकरं. तेव्हा 'बसली' बदलायला विसरू नका.